पुंज सिद्धांत : मूलकल्पना आणि आजचे संशोधन



बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शेवटी शेवटी प्रकाशाचे द्वैत स्वरूप, अणूची रचना आणि अर्धवाहक ही प्रकरणे येतात. परीक्षा तोंडावर आलेली असते, शिकवणे घाईत उरकते, आणि विद्यार्थी सूत्रे पाठ करून मोकळा होतो. त्यामुळे गेल्या सव्वाशे वर्षांतील विज्ञानाचा सर्वात मोठा विचार आपल्या मुलांना 'अवघड धडा' म्हणून तेवढा माहीत होतो. दुसरीकडे 'क्वांटम' हा शब्द मात्र गावोगाव पोहोचला आहे. क्वांटम लॉकेट, क्वांटम पाणी, क्वांटम उपचार अशा नावांनी माल विकला जातो आणि शिकलेली माणसेही तो घेतात. ज्याचे ज्ञान नाही त्याचे भय तरी वाटते किंवा भुरळ तरी पडते. ही दोन्ही दूर व्हावीत, आणि ज्यांना या विषयात पुढे जायचे आहे त्यांना वाट दिसावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

१. पुंज म्हणजे काय?

मलकापूरहून कोल्हापूरकडे किंवा आंबा घाटातून रत्नागिरीकडे जाणाऱ्या एसटीत आपण बसतो तेव्हा भाडे टप्प्याने आकारले जाते. एक टप्पा सहा किलोमीटरचा. तिकीट एका टप्प्याचे मिळेल, दोन टप्प्यांचे मिळेल. सव्वा टप्प्याचे मिळणार नाही. गाडी रस्त्यावरून अखंड धावते, पण हिशेब मात्र टप्प्याटप्प्याने होतो. निसर्गात ऊर्जेचा हिशेबही असाच टप्प्यांनी होतो, हा पुंज सिद्धांताचा पहिला विचार होय. ऊर्जेच्या अशा एका अविभाज्य गठ्ठ्याला 'पुंज' किंवा 'क्वांटम' म्हणतात.

हा विचार लोहाराच्या भट्टीसारख्या साध्या गोष्टीतून निघाला. लोखंड तापवले की ते आधी लाल, मग नारिंगी, पिवळसर आणि शेवटी पांढरट दिसते. तापमान आणि रंग यांचा हा संबंध जुन्या भौतिकशास्त्राला सांगता येईना. त्या गणिताप्रमाणे तापलेल्या वस्तूने अतिनील किरणांच्या रूपाने अमर्याद ऊर्जा बाहेर टाकायला हवी होती. तसे घडत नाही, हे तर भट्टीपुढे बसणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिन येथे माक्स प्लांक यांनी मांडले की, ऊर्जा सुट्या पुंजांनीच दिली-घेतली जाते असे मानले तर हे कोडे सुटते. एका पुंजाची ऊर्जा म्हणजे प्लांक स्थिरांक गुणिले वारंवारता. हा स्थिरांक अतिशय लहान आहे : ६.६२६ × १० चा उणे ३४ वा घात, ज्यूल-सेकंद. तो इतका लहान असल्यामुळेच आपल्याला टप्पे जाणवत नाहीत. एक वॅट हिरव्या प्रकाशातून दर सेकंदाला सुमारे २८ वर सतरा शून्ये इतके पुंज बाहेर पडतात. पावसाची धार दुरून अखंड दिसावी तसाच हा प्रकार आहे.

या लहानशा स्थिरांकाचे आपल्या व्यवहारातील स्थानही जाणून घेण्याजोगे आहे. पूर्वी 'किलोग्रॅम' म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या एका ठोकळ्याचे वस्तुमान होते. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांक स्थिरांकावरून केली जाते. म्हणजे गुळाची ढेप ज्या मापाने तोलली जाते, त्या मापाच्या मुळाशी आज पुंज सिद्धांत आहे.

२. प्रकाश हा कण, इलेक्ट्रॉन ही लहर

१९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी पुढचे पाऊल टाकले. धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात; परंतु लाल प्रकाश कितीही प्रखर केला तरी पुष्कळ धातूंतून एकही इलेक्ट्रॉन निघत नाही, आणि मंद अतिनील प्रकाशाने मात्र तत्काळ निघतो. झाडावरचा आंबा पाडताना आपण हेच पाहतो. शंभर बारीक खडे मारून देठ तुटत नाही. एक योग्य वजनाचा दगड बसला की आंबा खाली येतो. लाल प्रकाशाचा पुंज हा बारीक खडा, अतिनील प्रकाशाचा पुंज हा दगड. खड्यांची संख्या वाढवून दगडाचे काम होत नाही. या स्पष्टीकरणासाठी आइन्स्टाइन यांना १९२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकाशाच्या या पुंजाला पुढे 'फोटॉन' हे नाव पडले.

१९१३ मध्ये नील्स बोर यांनी हाच टप्प्यांचा नियम अणूला लावला. अणूतील इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येताना तो ठरावीक रंगाचा प्रकाश देतो. चिमूटभर मीठ गॅसच्या ज्योतीत पडले की ज्योत एकदम पिवळी होते. तो पिवळा रंग म्हणजे सोडियमच्या दोन पायऱ्यांमधील अंतर होय.

१९२४ मध्ये लुई द ब्रॉय्ली यांनी उलटा प्रश्न केला : लहर जर कणासारखी वागते, तर कण लहरीसारखा का वागू नये? १९२७ मध्ये प्रयोगांनी ते खरे ठरवले. रंकाळ्याच्या पाण्यात दोन ठिकाणी खडे टाकले तर दोन्हीकडच्या लाटा एकमेकींत मिसळून कुठे उंच उठतात, तर कुठे शांत होतात. इलेक्ट्रॉनांना दोन वाटा मोकळ्या ठेवल्या तर पडद्यावर असेच पट्टे उमटतात. जपानमध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले होते. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा एकच ठिपका उमटला, पण हजारो ठिपक्यांतून हळूहळू पट्टे तयार झाले. म्हणजे एकटा इलेक्ट्रॉनही दोन्ही वाटांचा हिशेब धरून चालतो. मात्र तो कोणत्या वाटेने गेला याची खूण कुठेही उमटली, की पट्टे नाहीसे होतात.

या सर्वांचे पक्के गणित १९२५ मध्ये हायझेनबर्ग यांनी आणि १९२६ मध्ये श्रोडिंगर यांनी वेगवेगळ्या मार्गांनी उभे केले. हीच 'पुंजयामिकी'. १९२७ मध्ये हायझेनबर्ग यांनी अनिश्चिततेचे तत्त्व मांडले : कणाचे स्थान आणि संवेग ही दोन्ही एकाच वेळी हव्या तितक्या अचूकपणे ठरलेली नसतात. हा उपकरणाचा दोष नव्हे; निसर्गाची घडणच तशी आहे. पुंजयामिकीच्या उभारणीला शंभर वर्षे झाली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष आंतरराष्ट्रीय क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञान वर्ष म्हणून जाहीर केले होते.

३. कोल्हापुरी चप्पल आणि फोटॉनची जोडी

पुंज सिद्धांतातील सर्वात चक्रावून टाकणारी कल्पना म्हणजे 'गुंफण'. ती नीट समजण्यासाठी आधी एक साधे उदाहरण घेऊ. कोल्हापुरी चपलेच्या जोडीतील एक चप्पल न पाहता एका खोक्यात व दुसरी दुसऱ्या खोक्यात घातली. एक खोके मुंबईला गेले, एक मलकापुरात राहिले. इथले खोके उघडून उजवी चप्पल निघाली, की मुंबईत डावी आहे हे त्याच क्षणी कळते. यात चमत्कार काही नाही. चपला पहिल्यापासूनच डावी-उजवी होत्या.

आता चपलांऐवजी एकाच उगमातून निघालेल्या दोन फोटॉनांची जोडी घ्या. प्रत्येक फोटॉनला तीनपैकी एक प्रश्न विचारता येतो : शून्य, साठ किंवा एकशेवीस अंशांत ठेवलेल्या गाळणीतून तू पार होतोस काय? उत्तर 'होय' किंवा 'नाही'. दोघांना एकच प्रश्न विचारला तर उत्तरे नेहमी सारखी येतात. मग चपलांप्रमाणे यांचीही उत्तरे आधीच ठरलेली असतील, असे कोणालाही वाटेल. आइन्स्टाइन यांचाही कल असाच होता.

विद्यार्थी मित्रहो, येथे कागद-पेन्सिल घ्या. प्रश्न तीन आणि उत्तरांचे प्रकार दोनच. तेव्हा तीनपैकी किमान दोन प्रश्नांची उत्तरे सारखी असलीच पाहिजेत; उदाहरणार्थ होय, होय, नाही. आता दोन्ही ठिकाणी वेगवेगळे प्रश्न विचारले, तर पहिला-दुसरा, पहिला-तिसरा आणि दुसरा-तिसरा अशा तीन जोड्या होतात. त्यांपैकी किमान एका जोडीत उत्तरे जुळलीच पाहिजेत. म्हणजे उत्तरे आधी ठरलेली असतील तर वेगळे प्रश्न विचारल्यावरही सरासरी तिनात किमान एकदा ती जुळतील. परंतु पुंजयामिकीचे गणित सांगते की ती चारात एकदाच जुळतील. तिनात एक आणि चारात एक यांतील फरक प्रयोगाने मोजता येतो!

हा मार्ग १९६४ मध्ये जॉन बेल यांनी दाखवला. अशा स्वरूपाच्या कसोट्या अमेरिकेत जॉन क्लाउझर यांनी १९७२ मध्ये आणि फ्रान्समध्ये आलँ आस्पे यांनी १९८२ मध्ये घेतल्या. २०१५ मध्ये उरल्यासुरल्या पळवाटाही बंद करून प्रयोग झाले. कौल पुंजयामिकीच्या बाजूने लागला. निसर्गातील कणांची जोडी ही चपलांची जोडी नव्हे. क्लाउझर, आस्पे आणि आंटोन त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र गुंफणीच्या साहाय्याने प्रकाशापेक्षा जलद निरोप पाठवता येत नाही, हेही तेवढेच खरे आहे. एका टोकाला येणारे 'होय-नाही' स्वतंत्रपणे पाहिले तर ते नाणेफेकीसारखेच असते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावरच मेळ दिसतो.

४. भारतीयांचे योगदान

पुंज सिद्धांत युरोपातच घडला असा समज आहे. तो अपुरा आहे. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी फोटॉन मोजण्याची नवी रीत शोधून आपला निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला. दोन नाणी उडवली तर छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा अशा चार शक्यता आपण धरतो. पण दोन फोटॉन इतके एकसारखे असतात की मधल्या दोन शक्यता वेगळ्या मोजताच येत नाहीत. शक्यता तीनच उरतात. या मोजणीतून प्लांकचा नियम सरळ हाती येतो. अशा कणांना आज जगभर 'बोसॉन' म्हणतात. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर व्यंकट रामन यांना त्यांचा परिणाम गवसला. रेणूवर आदळून फोटॉन आपली थोडी ऊर्जा देतो वा घेतो आणि त्याचा रंग बदलतो. हाच दिवस आपण १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

तिसरे नाव मेघनाद साहा यांचे. जन्म १८९३, ढाक्याजवळच्या शेवराताली या खेड्यात. वडिलांचे लहानसे किराणा दुकान. मुलाला शाळेत पाठवणेही जड. कलकत्त्यात शिकत असताना वसतिगृहात वरच्या मानल्या गेलेल्या जातींच्या काही मुलांनी त्यांच्याबरोबर जेवायला बसण्यास नकार दिला. याच साहांनी १९२० मध्ये आपले आयनीभवनाचे समीकरण मांडले. किती तापमानाला कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात हे त्यातून कळते. अणूतील ऊर्जेच्या पायऱ्या हाच त्याचा आधार. या समीकरणामुळे ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान आणि घटक वाचता येऊ लागले. पंगतीत ज्याला जागा नव्हती त्याने ताऱ्यांची भाषा जगाला शिकवली. पुढे १९५२ मध्ये ते लोकसभेवरही निवडून गेले.

५. आजचे संशोधन आणि महाराष्ट्र

पुंज सिद्धांताने पहिल्या फेरीत आपल्याला १९४७ मध्ये ट्रांझिस्टर आणि १९६० मध्ये लेसर दिला. मोबाइल, एलईडी दिवा, सौर पत्रा, दवाखान्यातील एमआरआय ही सर्व त्याचीच फळे. आता दुसरी फेरी चालू आहे. तीत एकेक अणू, एकेक फोटॉन हाताळून काम करून घ्यायचे आहे. भारत सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या काळासाठी ६००३.६५ कोटी रुपयांची ही योजना आहे. तिची चार क्षेत्रे पुढीलप्रमाणे.

(अ) संगणन : नेहमीच्या संगणकातील 'बिट' शून्य किंवा एक असतो. 'क्यूबिट' हा शून्य व एक या दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो आणि अनेक क्यूबिट एकमेकांत गुंफता येतात. तो सर्वच गणिते वेगाने करतो हा समज चुकीचा आहे. काही विशिष्ट प्रश्नांतच त्याचा लाभ होतो. उदाहरणार्थ फार मोठ्या संख्येचे अवयव पाडणे किंवा रेणूंचे वर्तन काढणे. मुंबईच्या कुलाबा भागातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (स्थापना १९४५, संस्थापक होमी भाभा) अतिसंवाहक परिपथांचे क्यूबिट तयार केले जातात. ही संस्था, पुण्यातील डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्यूबिटच्या प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी पूर्ण केल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. तारांच्या परिपथातही पुंजांचे नियम दिसतात हे १९८४-८५ मध्ये दाखवणारे जॉन क्लार्क, मिशेल दवोरे व जॉन मार्टिनिस यांना २०२५ चे नोबेल मिळाले.

(आ) संदेशवहन : १९८४ मध्ये बेनेट व ब्रासार यांनी फोटॉनवरून गुप्त किल्ली पाठवण्याची रीत सुचवली. मध्येच कोणी फोटॉन पाहिला की त्याची अवस्था बिघडते, आणि चोरी उघड होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल या शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, आधीच टाकलेल्या प्रकाशतंतूतून हा प्रयोग यशस्वी केला.

(इ) संवेदन व मापन : या क्षेत्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. हिऱ्याच्या स्फटिकात एक कार्बन अणू गळाला आणि शेजारी नायट्रोजनचा अणू आला, तर तो दोष अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र ओळखतो. दागिन्यात ज्याला खोट म्हणतात ते येथे गुण ठरते. नारायणगावजवळ खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय दुर्बीणही हायड्रोजनच्या पुंजबदलातून निघणाऱ्या २१ सेंटीमीटरच्या लहरी टिपते.

(ई) पदार्थ : अतिशय थंडीत काही पदार्थांचा विद्युतरोध शून्य होतो. शुद्ध बिस्मथ धातू ०.०००५३ केल्विनखाली अतिसंवाहक होतो, हा शोध कुलाब्याच्या याच संस्थेतून २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या जिल्ह्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग अर्धवाहकांच्या पातळ थरांवरील कामासाठी ओळखला जातो. सौर घट आणि वायुसंवेदक यांना लागणारे थर रासायनिक द्रावणातून किंवा फवाऱ्याने बसवण्याचे काम तेथे अनेक वर्षे झाले आहे. तेव्हा पुंजभौतिकीचे संशोधन आपल्यापासून फार दूर आहे असे समजू नये.

६. एक इशारा

'पाहिल्याने कणाची अवस्था बदलते' या वाक्याचा बाजारात मोठा गैरवापर होतो. येथे 'पाहणे' म्हणजे मनाची शक्ती नव्हे. एखादे उपकरण, हवेचा रेणू किंवा भटका फोटॉन यांच्याशी झालेली व मागे खूण ठेवणारी कोणतीही टक्कर म्हणजे पाहणे. ती मनुष्याविना, अंधारातही होते. पुंजांच्या मिश्र अवस्था टिकवण्यासाठी शास्त्रज्ञांना निरपेक्ष शून्यापासून शतांश अंशापर्यंत थंडी निर्माण करावी लागते. ते काम गळ्यातले लॉकेट करू शकत नाही. उलट, लहरींपासून रक्षण करतात असे सांगून विकल्या जाणाऱ्या काही लॉकेटांत व कड्यांत किरणोत्सारी द्रव्य आढळले, आणि नेदरलँडच्या अणुसुरक्षा संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये ती न वापरण्याचा इशारा दिला. आजारी माणसाचा पैसा व वेळ अशा वस्तूंवर गेला तर नुकसान घराचे होते. कोणी 'क्वांटम' म्हणून काही विकू लागला की तीन प्रश्न विचारावेत : काय मोजले? कोणी पडताळले? चुकीचे ठरले असते तर ते कळले कसे असते? उत्तर नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

७. विद्यार्थ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, प्रयोग करावा. जुन्या सीडीवर एलईडी, ट्यूबलाइट व मेणबत्ती यांचा प्रकाश तिरपा पाडून रंगांचे पट्टे वहीत काढावेत. कनिष्ठ महाविद्यालयात लाल व निळा एलईडी, बदलता विद्युतदाब आणि व्होल्टमापी घेऊन दिवा कोणत्या व्होल्टला उजळू लागतो ते नोंदवावे. लाल साधारण १.८ तर निळा २.६ व्होल्टच्या आसपास उजळेल. त्या व्होल्टला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणून रंगाच्या वारंवारतेने भागले की प्लांक स्थिरांक जवळपास हाती येतो. काही रुपयांच्या दिव्यातून बर्लिनचा तो शोध आपल्या बाकावर येतो.

दुसरी गोष्ट, गणिताची भीती सोडावी. बीजगणित, त्रिकोणमिती, कलन आणि पुढे सारणी एवढी शिदोरी पुंजयामिकीच्या प्रारंभाला पुरते. तिसरी, वाटा माहीत करून घ्याव्यात. बारावीनंतर पुण्याच्या आयसरसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. शिवाजी विद्यापीठातून बी.एस्सी., एम.एस्सी. करूनही राष्ट्रीय प्रवेश परीक्षांद्वारे मोठ्या संशोधन संस्थांत जाता येते. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिंपियाड व पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उपक्रम चालवते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि बार्टीची संशोधन अधिछात्रवृत्तीही आहे. त्यांच्या अटी व मुदती दरवर्षीच्या जाहिरातीत पाहून अर्ज वेळेत करावा. केवळ तारीख चुकली म्हणून हुशार मुलगी घरी बसली, असे आपल्याकडे होता कामा नये.

पालकांना एकच विनंती. मुलीने वा मुलाने 'मला भौतिकशास्त्रात पुढे शिकायचे आहे' म्हटले, तर 'त्यात नोकरी काय?' हा प्रश्न जरूर विचारा. पण उत्तर मिळेपर्यंत दार लावू नका. अर्धवाहक, लेसर, संगणन, वैद्यकीय उपकरणे, अध्यापन या सर्व वाटा तेथूनच फुटतात.

इलेक्ट्रॉन गेला त्या वाटेची खूण नसते, तोवर दोन्ही वाटांचे मोल सारखेच असते. आपल्या मुलांपुढच्याही सगळ्या वाटा अशाच मोकळ्या राहाव्यात, आणि शेवराताली गावच्या दुकानदाराच्या मुलाला जे साधले ते शाहूवाडी तालुक्यातील मुलामुलींनाही साधावे, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.